विकायला की खायला?

"खायला लावायचंय का इकायला?"

तालुक्याच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात, काउंटरमागच्या पोरानं मामाला हे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो मागच्या फडताळाकडं वळलासुद्धा. मृगाच्या सरी पडून गेल्या होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खताची पोती, ओल्या छत्र्या, पाठीवरचे पंप, आणि या सगळ्यावर तरंगणारा औषधांचा तो गोडसर, घशात बसणारा वास. मामानं मागितलं होतं एवढंच, "अळी जरा कमी येईल असं एखादं वांगं दे." त्यावर हा प्रश्न. मामा क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "इकायलाच की. घरात किती खानार?" पोरगं म्हणालं, "मग अळीचं मागनं बघू मामा. आदी माल बघा." आणि त्यानं एक चकचकीत पाकीट काउंटरवर ठेवलं. जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, तुकतुकीत, मध्यम काटेरी वांगं. मामानं ते उलटसुलट केलं, पैसे दिले, आणि आम्ही बाहेर पडलो.

मामाच्या मागं गाडीवर बसल्या बसल्या मी ते पाकीट वाचत होते. फळाचा रंग, आकार, सरासरी वजन, पहिला तोडा किती दिवसांनी, लांबच्या वाहतुकीत टिकतं की नाही, सगळं होतं. अळीबद्दल अवाक्षर नव्हतं. पोरगं खोटं काही बोललं नव्हतं, पाकीटही खोटं बोलत नव्हतं. तरी तो प्रश्न माझ्या डोक्यात कुसळासारखा अडकून बसला. अळीला दाद न देणारं वांगं हवं असेल, तर ते खायचं की विकायचं याच्याशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातून जातो.

आमच्याकडं वांगी चिरणं हे परीक्षेचं काम असे. आजी पितळी पातेल्यात मिठाचं पाणी घेऊन बसायची, आणि प्रत्येक वांग्याला देठाकडून उभा-आडवा छेद देऊन आत डोकवायची. चार पाकळ्या उघडल्या की आत एक तर पांढराशुभ्र गर, नाहीतर तपकिरी बोगदा, ओलसर भुसा आणि बोगद्याच्या टोकाला गुलाबी अंगाची ती अळी. लहानपणी मला त्या अळीचा राग येण्यापेक्षा कौतुकच जास्त वाटायचं, कारण बाहेरून वांगं अगदी निष्कलंक असायचं. मग ही आत गेली कुठून? आजी म्हणायची, "आतच जन्मली ती." ते खरं नव्हतं, पण फार चुकीचंही नव्हतं. पतंगाची मादी रात्री कोवळ्या शेंड्यांवर, पानांच्या मागं, कळ्यांवर, फळाच्या हिरव्या टोपीवर एकेक अंडं घालते. अळी बाहेर पडते ती केसाएवढी, आणि थोड्याच वेळात आत शिरते. बहुतेकदा टोपीच्या कडेखालून. शिरताना पडलेलं भोक तिच्याच विष्ठेनं बुजून जातं. बाजारात आपण जे ठसठशीत भोक बघून वांगं बाजूला टाकतो, ते बहुतेकदा अळी खाऊनपिऊन, मोठी होऊन बाहेर पडल्याचं भोक असतं. म्हणजे भोकाचं वांगं रिकामं असू शकतं, आणि आपण निवडून पिशवीत टाकलेलं गुळगुळीत वांगं बिऱ्हाडासकट घरी येतं. हे कळल्यापासून मंडईत वांगी निवडताना मला स्वतःचंच हसू येतं, तरी हात भोकाची वांगी बाजूला सारतोच.

मामाच्या शेतात अळी फळापर्यंत पोचायच्या आधीच दिसते. लागण होऊन महिना-दीड महिना झाला, की सकाळी एखादा शेंडा मान टाकतो. पाणी कमी पडलंय असं वाटावं तसा. शेंडा मोडून चिरला की आत ती. मामी असे शेंडे खुडून ओट्यात घेते आणि बांधावर जाळते. मामा कामगंध सापळे लावतो, प्लास्टिकच्या त्या पिशव्यांत नर पतंग अडकलेले मोजतो. तरीही फवारणी चुकत नाही. कारण अळी एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत जात नाही, ते फक्त बाहेर, आपल्या वाट्याच्या सालीवर बसतं. म्हणून ती आत जायच्या आत गाठायची, आणि अंडी तर रोजच घातली जातात. भर हंगामात आठवड्याला पंप पाठीवर चढतो, कधी त्याहूनही लवकर. संध्याकाळी फवारणी, पहाटे तोडा. औषधाच्या डब्यावर दोन्हींच्या मधे किती दिवस जावेत ते लिहिलेलं असतं. वांगं मात्र तितके दिवस थांबत नाही. चार दिवसांत जून होतं, बी धरतं, आणि भाव पडतो.

मामाला औषधाचा शौक नाही. फवारून आला की तो जेवत नाही, नुसता चहा पितो.

म्हणून तर त्यानं अळीला न आवडणारं वाण मागितलं होतं. ही मागणी काही अडाणीपणाची नाही. किडीला नावडती पिकं ही शेतीतली जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत कॅन्सासचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली तिची मांडणी केली ती आजही चालते. झाड किडीला तीन तऱ्हांनी पुरून उरतं. एक, कीड त्याच्याकडं फिरकतच नाही, वास, रंग, लव, साल, काहीतरी तिला रुचत नाही. दोन, कीड येते, खाते, पण तिला ते मानवत नाही, पिल्लं खुरटतात, मरतात. तीन, कीड येते, खाते, मजेत राहते, आणि झाड तरीही उत्पन्न देतं. ही तिसरी तऱ्हा वाचली तेव्हा मला आमच्या घराण्यातल्या दोन-तीन बायका आठवल्या, पण तो विषय वेगळा.

घोळ पहिल्या दोन तऱ्हांमध्ये आहे. किडीला नकोसं करणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी आपल्यालाही नकोशा असतात. कडूपणा, जाड साल, दाट बिया, चरबरीत लव, तंतू. हजारो वर्षं आपण रानातल्या झाडांतून एकेक गोड, कोवळं, मऊ, बिनबियांचं रोप वेचत आलो, आणि वेचता वेचता झाडाच्या अंगावरची हत्यारं काढून घेतली. मग ते निःशस्त्र झाड शेतात हजारोंनी एका ओळीत उभं केलं आणि कीड आली म्हणून ओरडलो. भरल्या वांग्यासाठी आपण जे शोधतो, म्हणजे पातळ साल, लोण्यासारखा गर, नावापुरत्या बिया, नेमकं तेच त्या मादीलाही तिच्या लेकरांसाठी हवं असतं. आवडनिवड एकच. कृष्णाकाठच्या आमच्या काटेरी वांग्याबद्दल गावात अभिमान फार, "काटा हाय म्हणून चव हाय" असं म्हणणारे भेटतात. काट्यानं बोटं जरूर थांबतात, केसाएवढी अळी मात्र दोन काट्यांमधून रमतगमत चालते.

यातही सरळ हिशेब नाहीच. काकडीचं घ्या. टोक कापून ते काकडीवर घासायचं, पांढरा फेस काढायचा, मग चव घेऊन बघायची, हे ज्यानं लहानपणी केलं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. तो कडूपणा म्हणजे वेलाचं संरक्षण, असंच कुणालाही वाटेल. पण १९७१ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी दाखवलं, की कडूपणाचं एकच जनुक असलेली काकडी कोळी किडीपासून बचावते, आणि त्याच कडूपणामुळं काकडीवरच्या भुंगेऱ्यांना आमंत्रण मिळतं. कडूपणा काढला तर भुंगेरे कमी, कोळी जास्त. आपल्याकडं भोपळ्याच्या वेलावर येणारे तांबडे भुंगेरेही त्याच कडू द्रव्याच्या ओढीनं येणाऱ्या जातकुळीतले. आणि कारलं? त्याच्याइतकं कडू काय असणार? तरी फळमाशी त्यात अंडी घालतेच. कपाशीतही असाच पेच आहे. पानांवर दाट लव असली की तुडतुड्यांना जम बसवता येत नाही, पांढऱ्या माशीला मात्र तीच लव घरासारखी. एका पाहुण्याला दार लावलं की दुसऱ्याला ते उघडं सापडतं. वाण निवडणं म्हणजे कुठला पाहुणा परवडेल ते ठरवणं, असं मामाला सांगितलं तर तो म्हणेल, हे मला माहीत नव्हतं होय?

एक गोष्ट मात्र मला फार आवडते, आणि ती आपल्या मराठवाड्यातली आहे. भेंडीवर केवडा पडतो, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडत जातात, मग सगळं पान, मग भेंडीसुद्धा फिक्कट, निबर. हा विषाणूचा रोग, त्याची वाहक पांढरी माशी. १९६०च्या सुमारास दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेतून डॉ. हरभजन सिंग यांची 'पुसा सावनी' आली. तिच्या रक्तात बंगालमधल्या एका भेंडीचा वाटा होता आणि केवड्याला ती शेतात बऱ्यापैकी टिकायची. देशभर लोकांनी ती डोक्यावर घेतली. काही वर्षांनी तिच्यावरही शिरा पिवळ्या दिसायला लागल्या. मग परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी लागवडीच्या भेंडीबाहेर जाऊन तिच्या एका रानटी भाऊबंदाशी पुसा सावनीचा संकर केला. असल्या आंतरजातीय लग्नात पहिल्या पिढीची मुलं बहुधा वांझोटी निघतात, बीच नीट धरत नाहीत. मग पुन्हा पुसा सावनीशी, पुन्हा निवड, पिढ्यान्‌पिढ्या, जोवर फळ भेंडीसारखं आणि अंगातली ताकद रानातली असं रोप हाती लागत नाही तोवर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर 'परभणी क्रांती' शेतकऱ्यांच्या हाती आली. माझ्या लहानपणी भाजीवाल्या मावशी "क्रांती हाय, क्रांती" असं ओरडायच्या आणि मला ते कुठल्यातरी मोर्च्याचं वाटायचं.

मला त्या भेंडीत आवडतं ते असं, की तिनं माशीला हाकललं नाही. माशी यायची, रस प्यायची, जायची. फक्त तिनं आणलेलं दुखणं झाडाला बाधायचं नाही. आणि त्याबदल्यात आपल्या जिभेकडून तिनं काही मागितलं नाही. भेंडी हिरवी, कोवळी, लांबसडक तशीच. म्हणून ती खपली. बाजाराला कळलंही नाही की ही भेंडी वेगळी आहे. पुढं अनेक भागांत तीही पिवळी पडायला लागली, कारण विषाणूही हातावर हात ठेवून बसत नाहीत. आता शेतात संकरित वाणं आहेत आणि तीही काही हंगामांची सोबतीण. पण अजून मामा भेंडीच्या बियाला सवयीनं "क्रांती" म्हणतो, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

वांग्याला मात्र अशी क्रांती लाभली नाही. अळीला पुरून उरणारे भाऊबंद रानात आहेत, पण त्यांच्याशी संकर जुळवून खाण्याजोगं फळ हाती आणणं अवघड ठरत आलंय. म्हणून मग जनुकाचा रस्ता. जालन्याच्या महिकोनं मातीतल्या जिवाणूचं जनुक घालून बीटी वांगं तयार केलं. अळीनं खाल्लं की अळी मरते, फवारणीची गरज घटते. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं ज्या स्थानिक वाणांत हे जनुक घालायला घेतलं, त्यांत आपली मांजरी गोटाही होती. ऑक्टोबर २००९मध्ये केंद्राच्या समितीनं मान्यता दिली. मग देशभर रणधुमाळी, सात शहरांत जनसुनावण्या, त्यांतली एक नागपुरात. ९ फेब्रुवारी २०१०ला पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. ती अजून उठलेली नाही. शेजारी बांगलादेशानं मात्र ऑक्टोबर २०१३मध्ये परवानगी दिली आणि पुढच्या जानेवारीत पहिल्या वीस शेतकऱ्यांना रोपं वाटली. तिथंही एकच वांगं चाललं नाही. उत्तरा, काजला, नयनतारा आणि ईश्वरदीचं एक, अशी चार वाणं करावी लागली, कारण ज्या त्या भागाला ज्याचं त्याचं वांगं लागतं.

आपल्याकडं हा वाद पेटला तेव्हा मी विरोधकांच्या बाजूची होते. वांगं आपल्याच उपखंडातलं, इतक्या जाती, इतके रंग, त्यात एकाच कंपनीच्या हाती जनुकाची किल्ली कशाला, हे मला तेव्हा पटत होतं आणि आजही बरंचसं पटतं. पण ते पटवून घेणं पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून सोपं होतं. पंप मामाच्या पाठीवर होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा मी पहिल्यांदा मामाला फोन करून विचारलं की तोंडाला काय बांधतोस. "टावेल," तो म्हणाला. आणि गंमत म्हणावी की शोकांतिका, ती कपाशीही बीटीच होती. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटीला न जुमानता राज्यभर बोंडं पोखरली. म्हणजे जनुकानंही कायमचं लग्न लागत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांतली आपापल्या सोयीची एक उचलतात. मला अजून एकही उचलता आलेली नाही.

तर राहता राहिली साधी निवड. जे आहे त्यातलं थोडं कमी पोखरलं जाणारं वांगं. भाजीपाल्याच्या पुस्तकांत 'पुसा पर्पल क्लस्टर'चं नाव वर्षानुवर्षं छापून येतं. गडद जांभळी, सडपातळ, झुपक्यानं लागणारी फळं. मूळ ओळख मर रोगाला टिकण्याची, पण शेंडा-फळ पोखरणारी अळीही तिच्यात तुलनेनं कमी सापडते. एकूणच लांबट, किरकोळ अंगाच्या, घट्ट गराच्या वांग्यांत अळीला तितकं सुख नाही. एका ओळखीच्या कृषी पदवीधराकडून मी मूठभर बी मिळवलं आणि गेल्या वर्षी मामानं ते कडेच्या वाफ्यात टाकलं, माझी हौस म्हणून. रोपं चांगली झाली. शेंडे मान टाकत होतेच, पण शेजारच्या संकरित वाणाच्या मानानं कमी. मामी खुडायला जायची तेव्हा त्या वाफ्यातून लवकर बाहेर पडायची. फवारणीतही मामानं त्यांना हळूहळू वगळलं, आधी विसरून आणि मग मुद्दाम.

मग माल निघाला. मामानं एक क्रेट काटेरी वांग्यांसोबत बाजारात पाठवला. अडत्यानं क्रेटकडं बघून विचारलं, "ही कशाला आणली? ही काय बंगालात पाठवू?" त्याचंही चूक नव्हतं. आमच्या बाजूला वांगं म्हणजे गोल, पट्ट्यांचं, टोपीला काटे असलेलं. जळगावकडं गेलात तर हिरवं, पांढऱ्या रेषांचं, किलो-किलोचं भरीताचं वांगं, बामणोदच्या नावानं ओळखलं जाणारं, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं. त्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. गोव्यात आगशीची वांगी वेगळीच. प्रत्येकाची भाजी वेगळी, म्हणून प्रत्येकाचं वाण वेगळं. त्यात अळीचं मत कुणी विचारत नाही. दुकानातला पोरगा हे सगळं एका प्रश्नात बोलून गेला होता. विकायचं असेल तर गिऱ्हाईक निवडणार, आणि गिऱ्हाइकाला अळीशी कर्तव्य नाही, भोकाशी आहे.

उरलेला क्रेट घरी आला. मामीनं एक वांगं हातात घेऊन बोटांत फिरवलं, देठाकडून दाबून बघितलं आणि म्हणाली, "भरायला पोटच न्हाई ह्याला. दाण्याचं कूट घालू कुठं?" मग काप करून रस्सा केला. चांगला झाला. बिया जरा जास्त लागल्या दाताखाली, पण गर विरघळला नाही, फोडी फोडीनं राहिला. मामानं दोनदा वाढून घेतला. चंपाषष्ठीला मात्र काटेरीच लागणार हे मामीनं तेव्हाच सांगून टाकलं. चार महिने वांगं वर्ज्य ठेवून नैवेद्याला भरीत-रोडगा करायचा, तो असल्या शेलाट्या वांग्याचा करून खंडोबाला काय वाटेल?

यंदा मामानं ती दोन ओळी जास्त लावली आहेत. घराला पुरून उरतील एवढी. परवा फोनवर म्हणाला, "तुझ्या तिकडं पुण्यात कोन घेईल का बघ. औषध न्हाई मारलं म्हणून सांग." मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. बिनफवारणीची वांगी, ताजी, गावाकडून येणार आहेत, कुणाला हवीत? अंगठे भराभर उमटले. विषमुक्त म्हटल्यावर आमच्या इमारतीत उत्साहाला तोटा नसतो. मग तळमजल्यावरच्या काकूंनी फोटो मागितला. मी मामीनं पाठवलेला फोटो टाकला, घमेल्यात रचलेली जांभळी, सडपातळ वांगी. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. शेवटी काकूंचाच निरोप आला.

"छान आहेत गं. पण कृष्णाकाठची काटेरी नाहीत का? भरली करायची होती."